कुंपणावरचं बारसं

रस्ता विचारणं नंदूला भारी कमीपणाचं वाटायचं. "पुण्याच्या पेठांत वाढलोय! कुठल्याही बोळात शिरा, पलीकडे निघतोच!"

बोळ पलीकडे निघतो तो पुण्यात, महाराजा! नंदूचं घर इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या पार टोकाला, कालपरवापर्यंत गायी चरायच्या तिथल्या नव्या वस्तीत. जुन्या गावात रस्त्याला रस्ता भेटतो. इथे प्रत्येक रस्ता चार घरं घेऊन रुसून बसतो.

आज लेकीचं बारसं होतं. कानात नाव सांगायला नंदूची बहीण सुलक्षणा लीड्सहून आलेली. तिला स्टेशनवरून आणताना मुख्य रस्ता तुंबलेला दिसला, आणि पठ्ठ्यानं गाडी घातली गल्लीत! ती संपली. दुसरी संपली. तिसरी संपली ती एका बागेशी, आणि बागेच्या कुंपणापलीकडे चक्क नंदूचंच घर!

"नंद्या, पोचलो की!"

"नाही गं ताई. गाडीनं अजून अर्धा तास."

तेवढ्यात फोनवर बायको, ऋजुता, कडाडली, "अरे, मुहूर्त टळतोय! गुरुजी व्हिडिओवर ताटकळलेत, त्यांना पुढे लग्न लावायचंय!"

नंदू रडकुंडीला आला. पोरीचं बारसं बापाच्या शहाणपणापायी बुडणार!

बागेत पाणी घालणाऱ्या सिल्व्हियाबाईंनी त्याची कर्मकहाणी ऐकली, आत गेल्या आणि शिडीच घेऊन आल्या. पैठणी खोचून सुलक्षणा वर चढली. पलीकडून टेबलावर उभ्या ऋजुतानं बाळ उचलून धरलं.

"अगं, पण माझ्या पाठीत धपाटे कोण घालणार?" सुलक्षणा ओरडली. रिवाज म्हणजे रिवाज!

सिल्व्हियाबाईंना समजावलं. त्या एक धपाटा घालायच्या आणि म्हणायच्या, "सो सॉरी!" पुन्हा धपाटा, पुन्हा "सॉरी!" तेवढ्यात आत्यानं "कुर्रर्र" केलं आणि लेक स्वराली झाली. गुरुजींनी व्हिडिओवरूनच अक्षता टाकल्या.

नंदूनं बाईंना हात जोडले. या परक्या मुलुखात एवढं कोण करतं! "तुमचे उपकार कसे फेडू? आज जेवायला आमच्याकडेच!"

बाईंनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. आधी सुलक्षणा, मागोमाग त्या, टेबलावर पाय देत अलगद पलीकडे उतरल्या. आणि कुणी चोर चढू नये म्हणून शिडीही तिकडे ओढून घेतली!

"अहो, मी राहिलो ना!" नंदू ओरडला.

कुंपणामागून प्रेमळ आवाज आला, "तुझ्याकडे गाडी आहे ना, डिअर!"