खोट्या चकत्यांचा नवस

मढच्या झुंबरबाईंनी उभ्या जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. पत्ते कुटणाऱ्या बाप्यांना शिव्या घालण्यातच त्यांचा वेळ जाई. पण जुन्नरला कॉलेजात शिकणारी नात श्रेया सुट्टीला आली, मोबाईलवर पोकर शिकू लागली आणि झुंबरबाई चष्मा पुसून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"आज्जे, यात खरं पैसं न्हाईत. फुकटच्या चकत्या. हरलो तरी काय जात न्हाई."

"मग सरक तिकडं. मला दाव."

दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांसमोर, ज्याची जुळणी मोठी त्याचा डाव. एवढं त्यांना पहिल्याच दुपारी कळलं. पत्ते फुसके असले तरी ढीगभर चकत्या लावून समोरच्याला पळवायचं, हे मात्र शिकवावं लागलं नाही. तीस वर्षं सासूपण केलेल्या बाईला ते काय शिकवायचं?

आठव्या दिवशी एक गडी पळेचना. त्यानं सगळ्या चकत्या लावल्या, झुंबरबाईंनीही लावल्या. शेवटचा पत्ता उघडायचा राहिला होता.

"भीमाशंकरा, एवढा पंजा पाड," त्यांनी हात जोडले, "आख्ख्या वाडीला गुळभात जेवू घालीन!"

पंजा पडला. श्रेया नाचली. आणि दारात विरजणाला आलेली शेजारची धोंडाबाई वाटी घेऊन तशीच माघारी वळली, बातमी सांगायला.

संध्याकाळपर्यंत जो तो विचारू लागला, "आक्का, जेवान कवा?"

त्यांच्या मुलानं, अमृतनं, कपाळाला हात लावला. "आये, दिवाळीपातुर पुरंल एवढाच तांदूळ हाय कणगीत! चकत्या खोट्या, त्याचा कसला नवस?"

"चकत्या खोट्या, पर देव खरा हाय ना रं मुडद्या?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण कणगीत डोकावल्यावर त्याही बोटांवर पायल्या मोजू लागल्या. शब्द मोडावा तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही, पाळावा तर कणगीचा तळ.

सकाळी नळावर बायांची गर्दी बघून त्यांनी हंडा खाली ठेवला. "जेवान व्हनार! पर नवस बोलताना धोंडाबाईनं माझ्यासंगं हात जोडलं व्हतं. म्हंजी निम्मा नवस तिचा. तांदूळ माझा, गूळ, तूप, काजू तिचं."

धोंडाबाईनं हात बीत काही जोडले नव्हते. पण झुंबरबाईंच्या तोंडावरची माशी हलेना.

"आगं बया!" धोंडाबाई घाबरली. "मी कुठं व्हते? मी तर दारातनंच फिरले! नवस बिवस मी काय आयकला न्हाई, देवाशप्पथ!"

"न्हाई आयकला? मग वाडीभर कोन बोंबललं?"

"मी आपली गंमत केली, आक्का."

बाया फिदीफिदी हसल्या, जेवणाचा विषय तिथंच मिटला. अमृतनं सुटकेचा निःश्वास टाकला. झुंबरबाई मात्र दोन दिवस देव्हाऱ्याकडं बघायचं टाळत होत्या. धोंडाबाईला पळवता आलं, पण देवाला सगळ्यांचेच पत्ते दिसतात, त्याला कसं पळवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कणगी उघडली. "नवा भात येईस्तवर नाचनीची भाकर खाऊ. मरत न्हाई कोन," असं अमृतला बजावून चुलीवर मोठं पातेलं चढवलं.

दुपारी वाडी पोटभर जेवली. धोंडाबाई तिसऱ्यांदा पान पुढं करत म्हणाली, "आक्का, नवस तर नव्हता म्हनं. मंग ह्ये जेवान कशाचं?"

"तू भर नळावर पळालीस, त्याचं!" म्हणत झुंबरबाईंनी तिच्या पानात चांगला डावभर भात वाढला, वर तुपाची धारही धरली.