पाटीवर साक्ष जाहली त्याची हकीकत

गजाननास नमन, मैदानाच्या मातीस नमन, आणि ती माती जिने अंगास लाविली तिजला विशेष नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, खेळांच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहावयास घेतले असे.

राज्य थोर, आणि राज्यात खो-खोची बायकांची फौज नामांकित, आणि फौजेवर हैबतराव उस्ताद. उस्तादांनी ढाली बहुत जिंकून आणिल्या, म्हणोन सरकार त्यांस गादीशेजारी बसवीत आणि विडा स्वहस्ते देत. फौजेत मैनाबाई म्हणोन तेविशीच्या खेळाडू होत्या. दोन खुंटांमधल्या पाटीवर चौकात बसावे, एकीचे तोंड उगवतीस तर शेजारणीचे मावळतीस, आणि पाठीवर सखीची थाप पडून 'खो' ऐकू आला की विचार न करिता उठोन धावावे, ऐसी खेळाची रीत. मैनाबाईंस त्या थापेचे वेड होते. परंतु उस्ताद दुखऱ्या पायास तेल चोळण्याचे निमित्त करून एकेकीस कनातीत बोलावीत, आणि नको तेथे हात घालीत, आणि वर "तोंड उघडलंस तर फौजेतून नाव गेलं" ऐसा दम देत. मैनाबाईंवर हा प्रसंग गुदरला आणि त्यांनी हुजूर अर्ज केला. मग कारभाऱ्यांनी चौकशी नेमिली, ती त्याच कनातीत, आणि पडद्याआड उस्ताद खाकरत बसलेले. बाकीच्या बायका एकेक आत गेल्या आणि "आमास्नी काय ठावं न्हाई" म्हणोन परतल्या. मग कारभाऱ्यांनी शक्कल काढिली की बायकांचे मैदानच बंद करावे, म्हणजे बायकाही सुखरूप आणि उस्तादही सुखरूप. या अकलेबद्दल त्यांस शाली मिळाल्या.

मैनाबाई घरी बसल्या आणि दिवस जाईनात. भाकरी थापितां थापितां हात थांबे आणि मन पाटीवर जाऊन बसे. कुंपणाशी उभ्या राहोन पाहावे, तों चौकांत गवत माजलेले, खुंटास वेल चढलेला, आणि त्यांचा जीव तुटे. याहून थोर दुःख हे की, जी पाठ थापेची वाट पाहत असे ती आतां कोणाचाही हात लागतां दचके. आईने वेणी घालावयास हात लाविला तरी अंग चोरून घेत, आणि आई पदर डोळ्यांस लावी.

तों परराज्याशी सामने जवळ आले. बायकांची फौज नाही तर ढाल जाते, म्हणोन सरकारस्वारी उस्तादांस संगे घेऊन स्वतः मैदानी आली, गवत काढविले, फौज बोलाविली, आणि म्हणाली, "मैनाबाई, झाले गेले विसरा. उस्तादांस नमस्कार करा, आतांच मैदान खुले करितो." मैनाबाईंनी मातीकडे पाहिले. खोटे कशास बोलावे, वाकावे ऐसे मनात आले. इतका त्या मातीचा ध्यास. मग म्हणाल्या, "सरकार, त्या कनातीत कुणाची जीभ उचलली न्हाई. आधी आमाला पाटीवर बसू द्या, मग काय इचारायचं ते इचारा."

सरकारांस यात काही वावगे दिसले नाही. आठ जणी चौकांत बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मैनाबाईंनी उभ्याने आपली हकीकत सांगितली, आणि मागे जाऊन पहिल्या चौकातल्या तुळसाबाईंच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाल्या, "खो." तुळसाबाई उठल्या. वर्षानुवर्षांची सवय, भिण्यास अवकाशच राहिला नाही. उठल्यावर त्यांस कळले की आपण सरकारांपुढे उभ्या आहो, आणि म्हणाल्या, "मला बी बोलावलं हुतं कनातीत. त्या दिशी मी खोटं बोलले." रीतीप्रमाणे त्यांचा रिकामा चौक मैनाबाईंनी घेतला. मग तुळसाबाईंनी पुढलीस खो दिला, तीही उठली आणि बोलली, आणि ऐसे करितां करितां पाटी सरत आली. उस्ताद उठों लागले, तों सरकार त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "बसा. आपणांस कोणी खो दिलेला नाही."

शेवटली बोलोन जाहली आणि खो देण्यास वळली, तों सगळ्यांचे सांगून झालेले. मग ती मैनाबाईंच्या मागे आली. मैनाबाईंस पावलांची चाहूल लागली, पाठ आखडली, डोळे मिटले, आणि थाप पडली. अंग दचकले. परंतु "खो" ऐकोन पाय उठले, आणि आतां सांगावयाचे काही उरले नव्हते, म्हणोन त्या धावल्या, आणि खुंटास वळसा घालून पुन्हा धावल्या, आणि कोणी त्यांस थांबविले नाही.

तात्पर्य इतुकेच की, हैबतरावांची गादीशेजारची जागा गेली, कनात उतरली, आणि पुढे बायकांच्या अर्जाची चौकशी बायकांच्या पंचांपुढे होऊ लागली. त्या वर्षी ढाल परराज्याने नेली. मैनाबाईंस मैदान मिळाले. पाठ अद्याप दचकते, तरी रोज पाटीवर बसतात.