मानाच्या कांडीने ढवळलेलं पाणी

सृष्टीत जिथे दार आहे तिथे त्यात अडून बसणारा कोणीतरी आहेच, ही ईश्वराचीच योजना असावी. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात अशी हजारो इवलीशी दारं असतात. कॅल्शियमच्या आयनांनी, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांनी, आपल्या दाराने यावं आणि कामाला लागावं, अशी शिस्त. पण जस्त, तांबं, शिसं, चांदी यांचे आयन दारात शिरतात आणि तिथेच ठाण मांडतात. धड आत नाही, धड बाहेर नाही. (आमच्याकडे एक मामेसासरे असेच येत. असो, भला माणूस.)

आमच्या संशोधन संस्थेत याच दारांचा अभ्यास चालतो. माझी धाकटी जाऊ तिथे संशोधक आहे, मी कार्यालय सांभाळते. संचालक अत्यंत नेमाचे. मी स्वतः रोजचे नेम पाळणारी, त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पेशी ज्या खारट पाण्यात ठेवतात ते पाणी रोज सकाळी संचालक स्वतःच ढवळतात, सत्कारात मिळालेल्या पितळी कांडीने. त्याशिवाय प्रयोग सुरू करू नये, असं परिपत्रक आहे. (ढवळण्याची दिशाही त्यात दिली आहे.)

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यामुळे आमच्याकडे दारं बंद असण्याचं प्रमाण शंभर टक्के असून असं सातत्य अन्य कुठल्याही संस्थेला साधलेलं नाही. याच्या चौकशीला समित्या नेमल्या गेल्या. एकीने पेशी बदलल्या, दुसरीने पेशींचा पुरवठादार, तिसरीने खिडक्यांचे पडदे.

इकडे जावेची नेमणूक संपत आली. दारं उघडलेली दाखवली तर मुदतवाढ, नाहीतर घर.

"ताई, कांडीचं बोलले तर आजच काढतील."

"आणि नाही बोललीस तर?"

"महिनाअखेरीस."

"मग गोड बोल, बाई."

बैठकीत ती हात जोडून म्हणाली, "सर, एवढी मानाची कांडी रोज खाऱ्या पाण्यात! जीव तुटतो हो आमचा. काचेच्या कपाटात ठेवू या ना."

संचालकांचे डोळे पाणावले. कपाट मंजूर झालं, कुलपासाठी उपसमिती झाली. ताजं पाणी साध्या काचेच्या कांडीने ढवळलं, आणि दारं पटापट उघडली! यंत्राच्या पडद्यावर रेघ नाचू लागली. मुदतवाढीच्या सहीसाठी संचालकांनी पेनचं टोपणसुद्धा काढलं.

मग थांबले. "माझ्या संस्थेतली दारं परक्या काचेने उघडावीत? छे! सहीआधी पुन्हा एकदा दाखवा. या खेपेला मी स्वतः बोटाने ढवळतो."

त्यांनी बाही सारली. बोटात चांदीची जाडजूड अंगठी होती.

जावेने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. तज्ज्ञ मंडळींनी एकमताने छताकडे पाहिलं. बोट पाण्यात गेलं.

आम्हाला नावं ठेवू नका हं. चांदी दारात काय करते, हे तुम्हालाही केव्हाचं ठाऊक होतं. तुम्ही तरी कुठे हूं की चूं केलंत?