गैरहजर रोसामेल यांची जागा

गैरहजर माणसाची कदर करणं हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे. (हजर माणसाची कदर कुणीही करतो, तो समोरच उभा असतो.) या बाबतीत पुंता किलेन बंदरातल्या आमच्या संदेश कचेरीचा हात कुणी धरणार नाही.

समुद्र खवळणार असला की राजधानीतून इशारा येतो आणि आमचं यंत्र तो नाव नोंदवलेल्या प्रत्येक होडीच्या रेडिओवर धाडतं. एखादा रेडिओ बंद असला, तर त्याचे इशारे जपून ठेवतं आणि तो पुन्हा जोडला गेला की ओळीने देतं. घरचेसुद्धा कुणाचं ताट इतके दिवस झाकून ठेवत नाहीत.

आमच्या बंदरातले कोळी रोसामेल मान्सिया मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने वारले. त्यांचा रेडिओ कोंबड्यांच्या खुराड्यात गेला. नाव यंत्रात राहिलं, कारण नाव काढायची विनंती ज्याची त्यानेच, स्वतःच्या रेडिओवरून करायची असते.

त्यांच्या पत्नी एदुविनाबाई कचेरीत आल्या.

"अहो साहेब, माणूस गेला माझा! त्याला कसले लाटांचे इशारे पाठवताय?"

"पाठवत नाही बाई, साठवतो," मी खुलासा केला.

"मग फेकून द्या ना!"

"तसं त्यांनी सांगायला हवं."

"मग जा कबरीवर, या विचारून! इथे माझ्या ओनोफ्रेला इशारे उशिरा मिळतायत. पोरगा रोज समुद्रात जातो हो!"

हे खरं होतं. रोसामेल यांच्या इशाऱ्यांनी यंत्रातली जागा भरत आली होती, आणि जागा नसली की यंत्र नव्या इशाऱ्याला दारातच थांबवतं. ओनोफ्रे मात्र जोडलेला, म्हणजे हातातला माणूस. त्याने जरा थांबायला हरकत नव्हती.

बाईंनी खुराड्यातला रेडिओ पुसून आणला आणि नवऱ्याच्या नावाने जोडला. यंत्राने रोसामेल यांना 'हजर' दाखवलं. (कचेरीत सगळ्यांना बरं वाटलं.) पहिला इशारा त्यांना पुरलं त्याच दिवसाचा निघाला: लाटा उंच आहेत, बाहेर पडू नका. बाईंनी रेडिओ माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "आता तरी काढा नाव."

"आता कसं काढणार? ते जोडलेले आहेत. आधी बंद होऊ द्या."

"आणि बंद झाल्यावर?"

"मग विनंती त्यांनीच करायची."

एवढ्यात जुनी बॅटरी संपली. पोच न मिळाल्यामुळे यंत्राने सगळे इशारे निमूटपणे परत आत घेतले.

त्याच आठवड्यात वादळाचा इशारा आला आणि दारात उभा राहिला. ओनोफ्रेची होडी खडकावर फुटली. तो पोहत किनाऱ्याला लागला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. त्याचा इशारा आमच्याकडे सुरक्षित आहे. रेडिओ समुद्राच्या तळाशी असल्यामुळे तो तेवढा देता आलेला नाही.

"मेलेल्यांना जपता आणि जित्यांना मारता," एदुविनाबाई म्हणाल्या. त्यातला पूर्वार्ध आम्ही कचेरीच्या दारावर लावला आहे.

वाचकांना हसू येत असेल, तर त्यांनी आपला फोन उघडावा. ज्या गटांत ते कधी डोकावले नाहीत, त्यांचं वर्षभराचं 'सुप्रभात' तिथे शाबूत असेल. आईने काल बोलून पाठवलेला निरोप मात्र जागा नाही म्हणून उतरलेला नसेल.