दोघांपुरता सांकोचो

"नवरा असावा तर असा!" असं स्वतःविषयी म्हणणारा माणूस अख्ख्या तुलुआ गावात एकच होता, आर्हेमिरो. त्या शुक्रवारी तर छाती फुगून त्याच्या शर्टाची बटणं धोक्यात आली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तो बायकोला, नूबियाला, पोरांशिवाय सहलीला नेणार होता! नदीच्या वरच्या अंगाला, बांबूच्या बनात चुलतभावाची खोपटी. शनिवार-रविवार. तिन्ही पोरं सासूबाईंकडे.

"मला काही नको रे," नूबिया म्हणाली. "दोन दिवस कोणी 'आई' म्हणून हाक मारू नये, आणि दुपारी पोटभर झोप. पाव आणि चीज घेऊ. पुरे."

"पाव? नदीवर?" आर्हेमिरो दुखावला. "चुलीवरच्या सांकोचोशिवाय नदी! लोक काय म्हणतील?"

"दोघांना पातेलंभर कोंबडीचा रस्सा?"

"थोडाच करीन गं!"

गोम अशी, की त्याला थोडा करताच येत नव्हता. त्याच्या हाताचं माप वऱ्हाडाचं! अख्खी कोंबडी, कच्ची केळी, युकाचे कंद, मक्याची कणसं, सगळं मावेल असं पातेलं एकाकडेच होतं. थोरल्या लेकीचा धर्मपिता एवेलियो; त्या नात्यानं दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत.

"किती माणसं?" एवेलियोनं विचारलं.

"दोघं."

एवेलियो हसता हसता भिंतीला टेकला. "कोंपाद्रे, या पातेल्यात माझी आई आम्हा भावंडांना आंघोळ घालायची. सगळ्यांना एकदम! दोघं म्हणे! मला न्यायचं नाही, असं सरळ सांग ना."

"छे छे, तसं कसं..."

"मग किती वाजता निघायचं?"

तुलुआत पातेलं मागून न्यायचं आणि मालकाला घरी ठेवायचं, म्हणजे नवरीचे दागिने नेऊन तिलाच लग्नाला न बोलावण्यासारखं. आर्हेमिरोनं मुकाट्यानं वेळ सांगितली.

शनिवारी सकाळी एवेलियोनं नदीकडे जाणाऱ्या वडाप जीपच्या टपावर पातेलं बांधलं आणि घात झाला! ते पातेलं टपावर चढलं की नदीवर जेवण आहे, हे गावातल्या कुत्र्यांनाही कळतं. पहिल्या वळणावर केळ्यांच्या घडासकट एक कुटुंब चढलं. दुसऱ्या वळणावर दोन मावश्या आणि एक गिटार. न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच सोडून जीप गाठली. मागोमाग गिऱ्हाईकही आलं!

नूबियाच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती, खांद्यावर कोणाची तरी आजी घोरत होती.

"दोघं ना?" तिनं विचारलं.

"मनानं दोघंच," आर्हेमिरो पुटपुटला.

चूल पेटते न पेटते तोच मागच्या बसमधून सासूबाई उतरल्या. तिन्ही पोरांसह! "वा जावईबापू! गाव सगळं नदीवर, आणि मी म्हातारीनं घरात पोरं राखायची? कसली माणसं तुम्ही!"

"आई! आई! आई!" पोरं नूबियाकडे धावली.

इकडे आर्हेमिरो मात्र हातभर लांब लाकडी पळी घेऊन सेनापतीसारखा उभा होता. रश्शाची चव घेऊन तो ओरडला, "अरे, मीठच नाही!"

"मी आणते," नूबिया म्हणाली आणि परत निघालेल्या जीपमध्ये चढून बसली. मग वाकून हळूच म्हणाली, "आर्हेमिरो, चल. गाव सगळं इथं आहे. आपल्या घरात आत्ता चिटपाखरू नाही. कडी लावून घेऊ."

आर्हेमिरोनं जीपकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. एवेलियोचा हात कोथिंबिरीच्या जुडीकडे सरकत होता!

"हात लावू नकोस! आत्ताच नाही घालायची!" तो गरजला. मग बायकोला म्हणाला, "एक उकळी येऊ दे गं, आलोच."

जीप उकळीसाठी थांबली नाही.

मीठ आलंच नाही. लोकांनी अळणीच ओरपलं, वर "असा सांकोचो आजवर झाला नव्हता" म्हणाले. ते खरंही होतं.

दिवस कलताना आर्हेमिरो घरी पोचला. दाराला आतून कडी. त्यानं टकटक केली.

"कोण?" आवाज मऊ, झोपेनं तृप्त. असा आवाज त्यानं लग्नाच्या वर्षी ऐकला होता.

"मी, तुझा आर्हेमिरो."

"एकटाच आहेस?"

त्यानं मागे वळून पाहिलं. तीन पोरं, सासूबाई, डोक्यावर पातेलं घेतलेला एवेलियो. सगळ्यांना गप्प राहण्याची खूण करून तो गोड आवाजात म्हणाला, "एकटाच गं, राणी!"

"आई! मला शी लागलीय!" धाकटं किंचाळलं.

"सहल दोन दिवसांची ठरलीय ना?" आतून आवाज आला. "मग रविवारी संध्याकाळी या."