तात्याच्या मशिनची घट्ट चावी

आमच्या भरे गावातला सावळातात्या रोज सकाळी कॉफीच्या मशिनला सलाम ठोकायचा. टाचा जुळवून, छाती काढून.

दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तो इटलीला गेला होता. लोक येताना घड्याळं आणतात. ह्यानं तिथल्या कुठल्याशा घरातलं पितळी मशिन आणलं. चुलीवर ठेवलं की पोटात पाणी उकळायचं, खालच्या तोटीतून कॉफी गळायची आणि बाजूची चावी फिरवली की नळीतून वाफ सुटून दूध फेसाळायचं. एका दिवाळीनंतर ती चावी गच्च बसली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्याचं असं, की माझी पिठाची गिरणी. संध्याकाळी इंजिन थांबलं की निम्मं गाव माझ्या ओट्यावर टेकायचं. पण चावी अडकल्याची बातमी फुटली आणि जो तो तात्याच्या पडवीत. तालमीतले गडी दंड थोपटून चावीला भिडायचे, ती तसूभर हलायची नाही. हरलेल्याला तात्या बिनदुधाची कॉफी पाजायचा. कडू जहर, तरी लेकाचे मिटक्या मारत प्यायचे. आणि माझा गोड चहा निवत पडलेला. जळणार नाही तर काय करणार माणूस?

“तात्या, मी बघू का?” असं विचारलं की म्हणायचा, “तुझं हात वंगनानं माखल्यालं. इटलीत असल्या हातानं मशिनला शिवत न्हाईत.” हे इटली त्याचं सगळीकडं. एसटी उशिरा आली, लग्नात भात कच्चा राहिला, तरी इटलीत असं न्हाई.

शेवटी एकदा सगळ्यांदेखत मी पाना घेऊन गेलोच. चावीची टोपी सोडवली, आत बघतो तर शेंदूर! दर खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांना हळदकुंकू लावून झालं, की तात्या चावीला तेलात कालवलेला शेंदूर लिंपायचा. सालोसाल मुरून आट्यांत त्याचा दगड झाला होता. घासलेटात भिजवला, दाभणानं खरवडला, पाणी उकळलं आणि दोन बोटांनी चावी फिरवली. सूं करून वाफ सुटली. मंडळी फेसाळ कॉफी प्याली, माझी पाठ थोपटली. तात्यानं तेवढा कप तोंडाला लावला नाही. म्हटलं, जळला. बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवसापासून गाव पुन्हा माझ्या ओट्यावर. चावी सहज फिरते म्हटल्यावर तिकडं कोण कशाला जाईल? मी नुसता फुललो होतो.

मग एका दुपारी तात्या गिरणीत आला. हातात दळण नाही, काही नाही. नुसताच पट्ट्याकडं बघत उभा. मी इंजिन बंद केलं.

“मशिन बरं चाललंय न्हवं, तात्या?”

“लई ब्येस. पन चुलीवर चढवत न्हाई मी. म्हातारी गेली, पोरगी सासरी. एकट्यासाठी कुटं दूध तापवत बसू?”

“बसा की.”

बसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, “आरं, ती चावी परत जरा घट्ट करून देतोस का? पोरांच्यानं हलायला नगं, एवढी.”

मी पाना उचलला आणि त्याच्याबरोबर निघालो. जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू? तरी वाटेत जो भेटला त्याला सांगत गेलो, “तात्याची चावी पुन्हा अडकलीया. सांजच्याला या समदी.”