टांग्यामागे पाच किलोमीटर

हेमचंद्र प्रधान पळायला लागला आणि प्रधानांच्या घरातला रविवार बंद पडला.

त्याचं असं झालं. हेमचंद्र अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होता. सत्याऐंशी सालच्या सप्टेंबरात कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, आधी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रधान, अठ्ठ्याहत्तर किलो. उंची आता वाढायची नाही, तेव्हा वजनाचंच काहीतरी बघा." आठवडाभर कामाची दगदग, म्हणून रविवारचा नेम ठरला. पहाटे सहाला पांढरी हाफपँट आणि कॅनव्हासचे बूट चढवून हेमचंद्र बाहेर पडायचा, पाच किलोमीटर पळून साडेआठला परत यायचा, "नाश्ता नको, पथ्य आहे," असं जाहीर करून पलंगावर आडवा व्हायचा आणि दुपारी चारला चहाच्या वासाने उठायचा. चारनंतर मुलींना घेऊन माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार? कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.

उमाला आधी नवऱ्याचं कौतुक वाटलं. कॉलनीतल्या बायकांना तिनं ते दोन-तीनदा सांगितलंही. पण एक रविवार गेला, दोन गेले, दिवाळीतलासुद्धा गेला. सात वर्षांची वृंदा आणि साडेतीन वर्षांची चिमी यांनी "आपण कधी जायचं?" असं विचारून विचारून आईचं डोकं उठवलं. बरं, एवढं करून हेमचंद्रचं वजन झालं होतं एकोणऐंशी. "आधी स्नायू वाढतात," असं त्याचं म्हणणं होतं. तेरा रविवार झाले तेव्हा उमाचा धीर सुटला.

"हे बघा, या रविवारी बारवी धरणावर गेलो नाही, तर मी मुलींना घेऊन मुरबाडला माहेरी जाते. नाताळची सुट्टी संपेपर्यंत यायची नाही."

"अगं, पण माझा नेम? डॉक्टर म्हणतात, नेम मोडला की केलेलं सगळं वाया जातं."

"मोडू नका ना! बदलापूरहून आम्ही टांग्यानं निघतो, तुम्ही मागून पळत या. पाच किलोमीटर झाले की टांग्यात बसा. तुमचं पळणंही होईल आणि आमचं फिरणंही."

आपल्याला हे आधीच कसं सुचलं नाही, असं उमाला वाटलं. हेमचंद्रचा चेहरा मात्र उगाचच उतरला. "टांग्याच्या मागे? बरं दिसेल का ते?" असं काहीतरी तो पुटपुटला, पण आता माघार घ्यायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी बदलापूरला उतरून उमानं धाकलू नावाच्या म्हाताऱ्या टांगेवाल्याशी घासाघीस केली. सामान तसं सहलीच्या मानानं जरा जास्तच होतं. पिशवीत पुऱ्या चेपतात म्हणून सगळं खाणं तिनं पत्र्याच्या छोट्या ट्रंकेत भरलं होतं. सतरंजीची वळकटी होती, फिरकीचा तांब्या होता, मुलींच्या कपड्यांचं बोचकं होतं. तेरा रविवारांनी घराबाहेर पडायला मिळालं म्हणून ती स्वतः मोरपंखी साडी नेसली होती. वृंदा पुढे धाकलूशेजारी बसली. उमा चिमीला घेऊन मागच्या बाजूला बसली, म्हणजे हेमचंद्रवर लक्ष राहील.

"हं, पळा आता!" उमा हसून म्हणाली आणि हेमचंद्र पळू लागला.

पहिली पाच मिनिटं दृश्य छान होतं. मग टांगा आणि हेमचंद्र यांच्यातलं अंतर वाढू लागलं. उमानं मान वळवून सांगितलं, "धाकलूमामा, जरा हळू घ्या. साहेब मागे राहिले."

"मी काय करू, बाय? ह्यो घोरा पहिला शर्यतीत व्हता. मागनं कोनी पलताना आयकला का ह्यो थांबत नाय."

म्हणजे हेमचंद्र जितका जोरात पळणार तितका टांगा जोरात जाणार, असा सगळा सरळ हिशेब होता. धाकलूनं लगाम ओढला, घोड्याला शिव्या दिल्या, गोंजारलं, पण घोडा हट्टालाच पेटला होता. इकडे चिमीनं बाप लहान लहान होत चाललेला पाहिला आणि भोकाड पसरलं. "बाबा! माझे बाबा राहिले!" उमा हात हलवून हलवून नवऱ्याला "सावकाश या" असं सांगत होती. रस्त्याच्या कडेला गवत कापणाऱ्या बायका विळे खाली ठेवून बघू लागल्या. नटलेली बाई, ट्रंक, वळकटी, रडणारं पोर आणि मागून अर्ध्या चड्डीत ऊर फुटेस्तोवर धावणारा माणूस, त्याला ही बाई हातानं "परत जा" म्हणतेय. त्या बायकांना जे समजायचं ते समजलं.

तेवढ्यात जनू नावाचा दूधवाला सायकलवरून हेमचंद्रला गाठून त्याच्याशी काहीतरी बोलताना उमाला दिसला. हेमचंद्रनं टांग्याकडे बोट केलं आणि तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. जनूनं मग सायकल अशी काही हाणली, की कॅन खडखडवत तो टांग्याला मागे टाकून पुढच्या गावात पोचलासुद्धा. टांगा गावाशी आला तेव्हा रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली होती आणि तिच्यापुढे पंधरा-वीस माणसं उभी होती. घोड्यानं नाइलाजानं पाय आवरले.

"उतर, पोरी," पांढऱ्या केसांची एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली. ती राहीआजी. गावातली भांडणं तिच्या ओट्यावर सुटत असत. "घाबरू नुको. पानी पी आधी."

"अहो, पण आम्ही..."

"पी म्हन्ते ना!"

उमा पाणी प्यायली. राहीआजीनं तिला ओट्यावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. "मारतो काय गं तुला?"

"छे, छे!"

"दारू पितो?"

"नाही हो! अगदी सज्जन आहेत."

"मंग तुला झाला तरी काय? सांग, तुला काय पायजे?"

इथे एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं. उमाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण गेल्या तेरा रविवारांत "तुला काय पाहिजे?" हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ना नवऱ्यानं, ना मुलींनी.

"रविवारी ते घरात नसतात," ती म्हणाली.

"कुठं जातान?"

"पळायला."

"पलायला? कोन मागं लागलाय त्याच्या?"

"कुणी नाही. आपले आपण पळतात."

"पलून पोचतो कुठं?"

"कुठंच नाही. परत घरी येतात आणि झोपतात."

राहीआजीनं कपाळावर हात मारला. यात उमानं खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं, हे तिनं पुढे प्रत्येकाला बजावून सांगितलं.

तोवर जनू मागे जाऊन हेमचंद्रला घेऊन आला. पाच किलोमीटरचा हा नेमधारी धावपटू दुधाच्या कॅनांमध्ये, सायकलच्या कॅरिअरवर, दोन्ही पाय लोंबकळत सोडून आला. गावातले जाणते गृहस्थ देऊबाबा यांनी त्याला बाजेवर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"सायब, घरची लक्षुमी निंगून चालली, आनि तुमी आता धावताव?"

"निघून कुठे चाललीय? अहो, आम्ही सहलीला निघालोय!"

"सयलीला? मंग बायको टांग्यात आनि तुमी पायी कसे?"

"मला पळायचं होतं."

"टांग्यात जागा नव्हती?"

"होती."

"मंग बसलाव का नाय?"

"वजन कमी करायचंय हो!"

"वजनाची कालजी घोऱ्यानं करायची. तुमाला काय?" देऊबाबांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीनं माना डोलावल्या. "आनि सयलीला ट्रंक कशाला लागते?"

"त्यात पुऱ्या आहेत!" हेमचंद्र ओरडला. "उमा, अगं, सांग ना यांना!"

उमानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली. हसू दाबल्यामुळे तिचे खांदे हलत होते. "रडते बिचारी," मागून कोणीतरी म्हणालं.

देऊबाबांनी धाकलूला विचारलं, "बायचा माह्यार कुठं?"

"मुरबाडला. वाटंत सांगत व्हती." धाकलूनं आपला खरा तो प्रकार सांगितला.

"रस्ता तोच," गर्दीतून आवाज आला.

शेवटी देऊबाबा वृंदापुढे उकिडवे बसले. "पोरी, तू खरा सांगशील. तुमी कुठं चालल्याव?"

शाळेत नेहमी खरं बोलावं असं शिकलेली वृंदा सरळ उभी राहिली. "बारवीला. पण आई बाबांना म्हणाली होती, नाहीतर मी मुलींना घेऊन मुरबाडला जाईन आणि परत येणार नाही."

यानंतर साक्षीपुराव्याची गरज उरली नाही. हेमचंद्रला गावदेवीच्या देवळात नेण्यात आलं. नारळावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, की यापुढे रविवारी मी पळणार नाही, घरात राहीन आणि पोरींना सांभाळीन. "मोठ्यानं," देऊबाबा म्हणाले. त्यानं मोठ्यानं घेतली. उमानं डोळे मिटून देवीला मनापासून नमस्कार केला.

एवढ्यावर ती टांग्यात चढणार, तोच राहीआजीनं तिचा दंड धरला. "तू कुठं चालली? भांडलेल्या नवरा-बायकोनी लगेच टांग्यात बसू नाय. दोन मैल जोरीनं चालायचा, मंग राग उतरतो. पोरींजवल मी बसते. खिंडीत थांबू आमी तुमच्यासाठी."

"अहो आजी, आमचं भांडण नाहीच आहे!" उमा घाईघाईनं म्हणाली. आता तिला खरं बोलण्याची फार निकड वाटू लागली.

"आसाच बोलतान सगली," आजी म्हणाली आणि ट्रंकेशेजारी ऐसपैस बसली. मागून कोणी पळत नसल्यामुळे घोडा आता अगदी शहाण्यासारखा चालू लागला.

नव्या चपलांत, मोरपंखी साडी वर धरून उमा चालू लागली. शेजारी हेमचंद्र. गाव मागे पडलं. मग दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

"तू बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही खरं सांगत होतात, तेव्हा तरी कुणी ऐकलं?"

रस्त्याला जरासा चढ लागला. उमाचं चालणं चालूच होतं. हेमचंद्र मात्र एका बाभळीला धरून थांबला. त्याच्या छातीचा भाता हलत होता. उमानं मागे वळून पाहिलं. चपला चावत होत्या, पण तिला धाप लागली नव्हती. धाप याला लागली होती, तेरा रविवार पाच-पाच किलोमीटर पळणाऱ्याला.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "रविवारी तुम्ही पळता ना?"

"म्हणजे काय!"

"आत्ताच नारळावर हात ठेवून आलाय. अजून ओला असेल तो."

हेमचंद्रनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाचवायला आता दूधवालाही नव्हता. "पहिल्या रविवारी पळालो," तो म्हणाला. "देवाशपथ पळालो. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पापर्यंत. तिथं दम खायला एका सिंधी माणसाच्या गाडीपाशी थांबलो. तो दाल-पकवान देतो. गरम डाळ, वर चिंचेची चटणी, आणि पकवान असं कुरकुरीत..." त्याचा आवाज नकळत मऊ झाला. मग बायकोच्या नजरेकडे लक्ष गेल्यावर आवाज एकदम बारीक झाला. "दुसऱ्या रविवारपासून रिक्षानंच जायला लागलो."

तेरा रविवार उमानं त्याच्यासाठी लिंबूपाणी तयार ठेवलं होतं. "बाबा दमलेत, आवाज करू नका," म्हणून मुलींना दटावलं होतं. तिला भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर पळाला नाही, खोटं बोलला, या कशाचंच तिला तेवढं वाटलं नाही.

"एकट्यानं खाल्लंत," ती म्हणाली. "तेरा वेळा."

"चुकलं. पुढच्या रविवारी चौघं जाऊ. अगदी नक्की."

"चौघं कसे? मी पळायला जाणार आहे."

"तू? आणि मुली?"

"त्यांना तुम्ही सांभाळणार. शपथ तुम्ही घेतलीत, मी कुठे घेतलीय?"

पुढच्या रविवारी सकाळी सहाला प्रधानांच्या घरात चिमी दुधासाठी रडत होती, वृंदाची रिबीन सापडत नव्हती आणि हेमचंद्र एका हातात फणी, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं घेऊन उभा होता. उमानं पदर खोचला, चपला घातल्या, पर्स घेतली आणि दारातून मागे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "पाच नंबर कॅम्पात म्हणालात ना? गाडी नक्की कुठे उभी असते हो त्याची?"